गुंजभर सोन्याच्या गावी

घाना देशात खिशात हात घातला की नुसते पैसे हाताला लागत नाहीत, एक अख्खा जुना बाजार हाताला लागतो. तिथल्या रुपयाचे नाव ‘सेडी’. ट्वी भाषेत हा शब्द कवडीवरून आलेला. आणि तिथल्या पैशाचे नाव ‘पेसेवा’. पूर्वी सोन्याची धूळ तोलताना जी अगदी तळची वजने वापरीत, त्यांपैकी एकाचे हे नाव. १९५७ साली देश स्वतंत्र झाला आणि १९६५ साली इंग्रजी धर्तीचे पौंड-शिलिंग मोडीत निघाले, तेव्हा नव्या चलनाला नावे शोधायला राज्यकर्ते कुठे लांब गेले नाहीत. त्यांनी आजीच्या बटव्यात हात घातला. आपण कवडीला म्हणींच्या अडगळीत टाकून दिले. फुटकी कवडी, कवडीमोल, कवडीचुंबक ! तिकडे तीच कवडी नोटेवर नाव होऊन बसली आहे.

माझे मेहुणे अक्रा शहराजवळच्या टेमा बंदरात एका कंपनीत इंजिनिअर आहेत. “दाजी, एकदा या. समुद्र आहे, मासळी आहे, आणि तुमच्या आवडीचं जुनंपुराणं तर पोत्यानं आहे,” असे त्यांचे दर दिवाळीला निमंत्रण असे. हे शेवटचे आमिष माझ्यासाठी होते. आमच्या घरात मापटी, चिपटी, निळवी, अडकित्ते, एक मोडकी तागडी आणि तीन पानपुडे आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलो की मला देवळात गेल्यासारखे वाटते आणि सौ.ला धास्ती वाटते. तेव्हा २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे निघालो, ते तिने घातलेल्या एका अटीवर : येताना बॅगेचे वजन जातानापेक्षा फार वाढता कामा नये. ही अट पुढे वेगळ्याच अर्थाने आठवणार होती.

कुमासीला जायचे ते आधी समुद्रकाठाने, एल्मिनावरून, असे मेहुण्यांनी ठरवले होते. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ साली बांधला. म्हणजे गोवा घेण्याच्या २८ वर्षे आधी. पांढऱ्याशुभ्र भिंती, खाली नारळी, रंगीत होड्या. क्षणभर आपल्या कोकणपट्टीचा भास होतो आणि मग तळघरात शिरल्यावर तो भास जागच्या जागी मरतो. त्या कोठड्यांविषयी मी इथे लिहीत नाही. बाहेर रस्त्यावर एका बाईने टोपलीत मांडलेल्या दोन वस्तूंविषयी मात्र लिहायला हवे, कारण त्या कोठड्यांची किल्ली त्यांत आहे.

पहिली वस्तू म्हणजे मनिला. घोड्याच्या नालासारखे वाकवलेले, दोन्ही टोकांना चपटे झालेले पितळी कडे. वाळा म्हणावा तर पायात शिरत नाही. हे त्या काळचे नाणे. युरोपातून जहाजे भरभरून ही कडी यायची आणि मोबदल्यात सोने, हस्तिदंत आणि पुढे माणसे जायची. १५४८ साली जर्मनीतल्या फुगर या मातबर पेढीने पोर्तुगालच्या राजाला ही कडी पुरवण्याचा रीतसर करार केला होता. नायजेरियातल्या बेनिनच्या ज्या पितळी शिल्पांपुढे जग आज माना डोलावते, त्यांतल्या पुष्कळांचे धातू जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या खाणींतले, म्हणजे अशाच कड्या वितळवून घेतलेले, असे २०२३ साली शास्त्रज्ञांनी धातूच्या तपासणीवरून दाखवले. माणसे विकून आलेल्या धातूतून देवघरातल्या मूर्ती झाल्या ! नायजेरियात ही कडी बाजारात इतकी मुरली होती की, १९४८-४९ मध्ये इंग्रज सरकारने ती मोडीत काढली, तेव्हा ३ कोटी २० लाखांहून अधिक कडी लोकांकडून परत आली आणि भंगाराच्या भावाने गेली.

दुसरी वस्तू कवडी. आपल्या तुळजाभवानीच्या भुत्याच्या गळ्यात असते, तशीच. एल्मिनाच्या टोपलीत ती पाहून सौ.ने सहज हात जोडायला उचलले आणि मग थांबली. या कवड्या आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर निपजतच नाहीत. त्या मालदीवच्या. मालदीवचे लोक त्या बंगालला नेत आणि तांदूळ घेऊन परत जात. बंगालमधून, सिलोनमधून युरोपियन व्यापाऱ्यांची जहाजे त्या उचलीत. तोल राखण्यासाठी गलबताच्या तळाशी दगड भरायचे, त्या जागी कवड्या भरायच्या. ॲमस्टरडॅमला आणि लंडनला त्यांचे लिलाव व्हायचे आणि मग ती पोती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरायची. तिथे मोजून काय विकत घ्यायचे, ते त्या तळघरात पाहून आलोच होतो. पुढे एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडची जाडीभरडी कवडी जर्मन व्यापाऱ्यांनी एवढी आणून ओतली की, खुद्द कवडीच कवडीमोल झाली. आमच्या मराठीतल्या या शब्दात केवढा समुद्र आहे, हे पंचवीस वर्षे मराठी शिकवूनही मला टोपलीपुढे उभे राहीपर्यंत जाणवले नव्हते.

एल्मिनाहून कुमासी चार-पाच तासांच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना कोकोच्या बागा, मधूनच बांबूंची बेटे, आणि पावसाने लाल झालेले ओहोळ. रस्त्याला केळी विकणाऱ्या बायका टोपली डोक्यावरून न उतरवता मोड देतात. कुमासी ही अशांटी लोकांची राजधानी. शहर टेकड्यांवर पसरलेले, गजबजलेले. मधोमध केजेटियाचा प्रचंड बाजार. त्या बाजारात एकदा हरवलेला मनुष्य कुमासीकर होऊनच बाहेर पडत असावा. इथल्या फुटबॉल संघाचे नाव ‘कोटोको’, म्हणजे साळिंदर. साळिंदर हे अशांटींचे राजचिन्ह : हजार काटे तोडा, हजार नवे उगवतील, असा त्याचा अर्थ. इंग्रजांनी तो काट्यानिशी अनुभवला होता.

या शहरात शेकडो वर्षे नाण्यांशिवाय व्यवहार चालला. चलन म्हणजे सोन्याची धूळ. भाजी घ्या, गुलाम घ्या, दंड भरा, लग्नाची देणी द्या. सारे सोन्याच्या धुळीत. त्यामुळे प्रत्येक सधन माणसाकडे एक गाठोडे असे, त्याला म्हणत ‘फुतुओ’. त्यात तळहातावर मावेल असा तराजू, पितळेचे चिमुकले चमचे, कचरा पाखडायचे पसरट सुपली-पात्र, धूळ ठेवायच्या नक्षीदार डब्या, आणि वजने. व्यवहाराच्या वेळी गिऱ्हाईक आपल्या काट्याने तोले आणि दुकानदार आपल्या काट्याने. मग हुज्जत. राजाची वजने प्रजेच्या वजनांपेक्षा जड असत, हे तर १८१७ साली कुमासीला आलेल्या बाउडिच नावाच्या इंग्रज वकिलाने लिहून ठेवले आहे. घेताना जड वजनाने घ्यायचे, हा राजधर्म आपल्याकडच्या सावकारांनाही ठाऊक होताच.

खरी मौज त्या वजनांत आहे. आपले वजन म्हणजे लोखंडाचा मुका गोळा. फार तर त्यावर सरकारी शिक्का. अशांटींची वजने पितळेची, ओतीव, आणि बोलकी. जुनी वजने भौमितिक आकारांची : पायऱ्या, चौकटी, नागमोडी रेघा. त्यांत चक्क स्वस्तिकही आढळते. ते दिसले की आपल्यातल्या काही विद्वानांच्या हाताला लेख लिहिण्याची खाज सुटते. म्हणून सांगून ठेवतो की, तिथे त्याचा संबंध राजमातेच्या सेविकांच्या केशरचनेशी लावतात. मग पुढच्या काळात या आकारांतून प्राणी चालू लागले, माणसे बोलू लागली. मान मागे वळवून पाहणारा पक्षी : विसरलेले परत जाऊन आणण्यात कमीपणा नाही. एकच पोट असलेल्या दोन मगरी : घास कुठल्याही तोंडाने गेला तरी जातो एकाच पोटात, तरी भांडण घासासाठी. डोक्यावर दारूगोळ्याचे पिंप आणि तोंडात पेटती चिलीम असा एक मनुष्य, आणि त्याच्याविषयी काय म्हणायचे ते वाचकांनीच म्हणावे. धनेश पक्ष्याची मान पकडलेला साप : आकाशात उडणाऱ्याने जमिनीवर सरपटणाऱ्याचे कर्ज घेतले आणि उडून गेला, पण दुष्काळात पाण्यापाशी एकदा खाली यावेच लागते. सोने तोलताना ऋणकोच्या समोर हे वजन ठेवले की पुढे बोलायची गरज ती काय !

या वजनांच्या मागचे गणित टिमोथी गॅरार्ड नावाच्या अभ्यासकाने हजारो वजने तोलून उलगडले. त्यांचे पुस्तक १९८० चे. सहारा ओलांडून येणाऱ्या अरब व्यापाऱ्यांची मापे आणि नंतर समुद्रावरून आलेल्या पोर्तुगिजांची मापे, अशी एकावर एक बसलेली ही पायरी आहे. म्हणजे मगर असो की भुईमुगाची शेंग, तिच्या पोटात कैरो किंवा लिस्बनचा काटा दडलेला. वजन जरा जास्त भरले तर प्राण्याचा एखादा पाय कापीत. कमी भरले तर भोकात शिसे ओतीत नाहीतर कडी अडकवीत. त्यामुळे जुन्या वजनांत लंगडे प्राणी पुष्कळ. संग्रह करणारे मग लंगडेपणा हीच खरेपणाची खूण समजू लागले. परिणाम व्हायचा तोच झाला : आता नव्या मालाचे पाय तोडून, मातीत पुरून, तो जुना म्हणून विकतात.

आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच संध्याकाळी एक हौसा व्यापारी आला. पांढरा झगा, डोक्यावर विणलेली टोपी, बोलणे मऊ. पश्चिम आफ्रिकेत जुन्या वस्तूंचा धंदा बराचसा या उत्तरेकडच्या लोकांच्या हातात आहे. आमच्या पाहुणेघराच्या मालकाने त्याला माझ्याविषयी सांगितले असावे. त्याने व्हरांड्यात चटई पसरली, आणि पिशवीतून एक काळपट कापडाचे गाठोडे काढून माझ्यापुढे ठेवले. सुटी वजने पाहून पाहून मी कंटाळलो होतो. हे आख्खे फुतुओ होते. तराजूच्या दोऱ्या हाताच्या मळाने गुळगुळीत झालेल्या. चार चमचे, एकाचा दांडा दुरुस्त केलेला. सत्तावीस वजने, बहुतेक भौमितिक, मधूनच एक विंचू, एक ढाल, आणि एक तीन पायांचे काळवीट. एका डबीचे झाकण त्याने उघडले, आणि सौ. एकदम म्हणाली, “अहो, ही तर गुंज !”

गुंजच होती. तीच लाल अंगाची, काळ्या डोळ्याची. अशांटींच्या वजनांच्या अगदी खालच्या पायरीवर हीच बी बसलेली आहे. तिला ते ‘दाम्मा’ म्हणतात. आपल्याकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. म्हणजे शहाण्णव गुंजांचा एक तोळा. तिच्या माहेरचा म्हातारा सोनार काट्याच्या पारड्यात शेवटची गुंज कशी चिमटीने सोडायचा, हे ती त्या हौसा गृहस्थाला हातवारे करून सांगू लागली. त्यालाही ते पटले, कारण त्याने लगेच चिमूट करून दाखवली. दोन खंडांतली चिमूट अगदी सारखी. आता ‘दाम्मा’ ऐकून मला ‘दमडी’ आठवली नसती तर नवल; पण आपल्या दामाची मुळे संस्कृत द्रम्मातून ग्रीकांच्या द्राख्मापाशी जातात आणि हा शब्द ट्वीतला. व्युत्पत्तीचा मोह मास्तराने आवरावा. सारखेपणा शब्दात नव्हता, वेलीत होता. तीच वेल दोन्हीकडे कुंपणावर चढते, आणि दोन्हीकडच्या लोकांच्या लक्षात आले की, हिच्या बिया वजनाला पुष्कळ सारख्या भरतात.

“या काळविटाचा अर्थ काय ?” मी विचारले.

“जुना आहे. फार जुना,” तो म्हणाला.

“पण म्हण कोणती ?”

त्याने खांदे उडवले. प्रत्येक वजनाची किंमत त्याला तोंडपाठ होती. म्हण एकाचीही येत नव्हती. त्याचा दोष नाही. तो वस्तूंचा व्यापारी आणि त्याची भाषाही दुसरी. गाठोडे कोणाचे, हे मात्र त्याने सरळ सांगितले. जवळच्या एका गावातल्या घराचे. म्हातारा वारला, नातवाला परदेशी जायचे आहे, पैसे हवेत. किंमत ऐकून सौ.ने हातातली गुंज परत डबीत ठेवली. तासाभराच्या घासाघिशीनंतर ती माझ्या दोन पगारांवर आली, आणि खरे सांगायचे तर दोन पगार द्यायला मी मनातून तयार झालो होतो. पूर्ण संच कुठे मिळतो ? एकेक वजन सुटे होऊन युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत गेलेले. इथे सारे एकत्र होते, एका घराचे, एकाच काट्याला जुळवलेले. सुटे झाले की त्यांचे परस्परांशी असलेले गणित गेले. मग उरते ते टेबलावरचे खेळणे.

मेहुण्यांनी हळूच विचारले, “दाजी, परवान्याचं काय ?” घानात जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर तिथल्या वस्तुसंग्रहालय मंडळाची परवानगी लागते, आणि अशा गाठोड्याला ती सहजासहजी मिळणार नाही. व्यापाऱ्याला प्रश्न समजला. “त्याची काळजी नको. नवीन हस्तकला म्हणून कागद देतो,” तो हसून म्हणाला. म्हणजे नव्याला जुने करून विकायचे आणि जुन्याला नवे करून न्यायचे ! मी नको म्हणालो. तो रागावला नाही. गाठोडे बांधता बांधता म्हणाला, “मग मी अक्राला नेतो. तिथे सुटी सुटी जातील. पर्यटकांना एकेकच हवे असते.”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी घेतले असते तर संच सातारच्या माझ्या कपाटात एकत्र राहिला असता. नाही घेतले म्हणून तो फुटणार. सौ.ला म्हटले तर ती म्हणाली, “त्या नातवालाच का नाही विचारलं कुणी, की थोडं थांबतोस का म्हणून ?” यावर मला उत्तर सुचले नाही. नातवाचे तिकीट कोण काढणार होते ?

दुसऱ्या दिवशी आम्ही मानहिया राजवाड्याच्या संग्रहालयात गेलो. वास्तू बेताचीच, दुमजली; १९२५ साली इंग्रजांनी राजा प्रेम्पेह पहिला याच्यासाठी बांधलेली. त्याआधीची कथा मोठी आहे, ती आटोपशीर सांगतो. १८७४ च्या फेब्रुवारीत जनरल वूल्झलीच्या फौजेने कुमासी जाळली, राजवाडा लुटून सुरुंगाने उडवला, आणि वर ५०,००० औंस सोन्याचा दंड ठोकला. आपल्या हिशेबात हे १ लाख ३३ हजार तोळे होतात. लुटीतले पुष्कळसे दागिने लंडनला राजघराण्याच्या जवाहिऱ्याकडे विकायला आले, आणि त्यांतले काही त्याच साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतले. १८९६ मध्ये इंग्रज पुन्हा आले. या वेळच्या मोहिमेत आपल्या मुलांच्या बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेलही होते. राजाला धरून नेले, पुढे सेशेल्स बेटांवर ठेवले. १९०० साली गव्हर्नर हॉजसन याने तर सोन्याचे आसन मागितले, बसायला ! ज्या आसनावर खुद्द राजाही बसत नाही, ज्यात सगळ्या अशांटींचा जीव आहे असे ते मानतात, ते. या मागणीवर एजिसूची राजमाता या आसान्तेवा लढायला उभी राहिली. युद्ध हरले, तीही सेशेल्सला गेली आणि तिथेच १९२१ साली वारली. आसन मात्र इंग्रजांना मिळाले नाही. त्यांना फसवण्यासाठी केलेले एक खोटे आसन शहरातल्या दुसऱ्या संग्रहालयात मोठ्या मानाने ठेवलेले आहे. खोट्या वस्तूला इतका खरा मान मी दुसरीकडे पाहिला नाही.

प्रेम्पेह १९२४ साली, २८ वर्षांनी परतला. इंग्रजांनी हे घर देऊ केले, तर त्याच्या लोकांनी बांधकामाचे पैसे चुकते केले आणि मगच तो राहायला गेला, असे तिथे सांगतात.

आम्ही गेलो तेव्हा नवे प्रदर्शन नुकतेच, १ मेला, उघडले होते. ब्रिटिश म्युझियमच्या १५ आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या १७ अशा ३२ वस्तू दीडशे वर्षांनी कुमासीला आल्या होत्या. तीन वर्षांसाठी. उसन्या. विलायतेचा कायदा या संग्रहालयांना वस्तू देऊन टाकू देत नाही, म्हणून हा करार; तोही घाना सरकारशी नव्हे, तर अशांटींचे राजे ओतुम्फुओ ओसेई टुटू द्वितीय यांच्याशी. शेजारी सात वस्तू अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयातून आलेल्या होत्या : हत्तीच्या शेपटीची चवरी, राजाची नक्षीदार खुर्ची, सोन्याचे हार. या कायमच्या परत दिलेल्या. त्यांतल्या चार लुटीतल्या आणि तीन त्या दंडाच्या भरण्यातल्या. औषधांच्या धंद्यात गबर झालेल्या हेन्री वेलकम यांच्या अफाट संग्रहातून त्या १९६५ साली अमेरिकेला गेल्या होत्या. संग्रहाच्या नादाची ही परमावधी : लाखो वस्तू, आणि त्या पाहायलाही आयुष्य अपुरे.

सोन्याचे एक वाटोळे पदक होते, राजाचा आत्मा शुद्ध ठेवणाऱ्या सेवकाच्या छातीवरचे. एक आजीबाई शाळकरी नातीला घेऊन त्याच्यापुढे उभ्या होत्या. त्या ट्वीत काही सांगत होत्या आणि मुलगी काचेला नाक लावून ऐकत होती. शेवटी मुलीने पाटी वाचली आणि इंग्रजीत मोठ्याने विचारले, “उसने म्हणजे, परत द्यायचे ?” आजीबाईंनी तिचा हात धरून पुढच्या काचेकडे नेले.

हे वाचताना साताऱ्याच्या वाचकांना काय आठवेल, ते मला माहीत आहे. आम्ही घरी परतलो आणि त्याच वर्षी जुलैत, त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून, तशीच तीन वर्षांच्या बोलीवर, वाघनखे साताऱ्याला आली. ती ग्रँट डफबरोबर विलायतेला गेलेली; महाराजांनी अफजलखानावर वापरली ती हीच, असे खुद्द ते संग्रहालयही छातीठोक सांगत नाही. तरी रांग होती. मी दोन तास उभा राहिलो. माझ्यापुढे एक गृहस्थ खांद्यावरच्या मुलाला अफजलखानाची गोष्ट सांगत होते, आणि ती अगदी बारकाव्यांसह बरोबर सांगत होते. कुमासीच्या आजीबाई मला तिथे पुन्हा दिसल्या.

पण मानहियाच्या वस्तूंची खरी जागा काच नव्हे. दर बेचाळीस दिवसांनी तिथे ‘आक्वासिदाए’चा दरबार भरतो, तेव्हा राजाच्या दंडांवर इतके सोने असते की, सेवकांना त्यांचे हात तोलून धरावे लागतात. दुभाष्यांच्या काठ्यांच्या टोकांवर सोन्याने मढवलेल्या आकृती असतात. मुठीत अंडे धरलेला हात : सत्ता घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते. तिथे वस्तू बोलतात, कारण बोलणारे आणि ऐकणारे दोघे हजर असतात.

म्हणींचा माझा शोध मात्र क्रोफोफ्रोमला संपला. कुमासीजवळचे हे ओताऱ्यांचे गाव. घराघरांच्या मागे भट्टी, अंगणात मोडक्या नळांचे आणि कुलपांचे पितळ, आणि झाडाखाली फळीवर मेणाच्या शेवया वळणारी पोरे. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते ओतारी सत्तरीचे होते. मधमाशीचे मेण कोमट करून त्यांनी बोलता बोलता पक्षी केला. मान मागे वळली तशी पाठीवर बोट फिरवून पिसे उमटवली. मग त्यावर कोळसा आणि मातीचा पातळ लेप, तो वाळला की दुसरा. वर ताडफळाच्या काथ्याने मळलेली जाड माती. मेण तापवून ओतून टाकायचे, म्हणजे आत पक्ष्याची पोकळी राहते. आपले बस्तरचे कारागीर करतात तेच. पण इथले वैशिष्ट्य असे की, पितळेच्या तुकड्यांची मूस त्या साच्यालाच मातीने जोडून टाकतात. दोन्ही मिळून एक बंद भोपळा. मूस खाली ठेवून तो भट्टीत घालायचा, आणि धातू वितळला की चिमट्याने धरून उलटा करायचा. साचा फोडावा तेव्हा वस्तू मिळते. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू. भुंगा, खेकड्याची नांगी, भुईमुगाची शेंग अशा गोष्टींना तर मेणही लागत नाही. खऱ्या भुंग्यावरच माती लिंपायची. आगीत भुंगा जळून जातो आणि पितळेचा भुंगा शिल्लक राहतो.

मी वहीत काढून नेलेली व्यापाऱ्याच्या वजनांची चित्रे त्यांना दाखवली. त्यांनी एकेका चित्रावर बोट ठेवून म्हणी सांगितल्या. मेहुण्यांच्या ड्रायव्हरने त्यांचे इंग्रजी केले आणि मी मराठी. तिघांच्या हातून जाता जाता त्यांतले किती सोने गळून गेले असेल, कोण जाणे ! भौमितिक चित्रांपाशी ते थांबले. “या माझ्या आजोबांना येत होत्या,” एवढेच म्हणाले.

मग त्यांनी मलाच विचारले, “तुमच्या भाषेत म्हणी आहेत का ?”

मराठीच्या मास्तराला असे विचारल्यावर काय होते, ते सांगायला नको. दोन-चार सांगून झाल्यावर सौ. म्हणाली, “अहो, ज्याचं चित्र होईल अशी सांगा ना.” आणि मेहुणे म्हणाले, “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.” बारा वर्षे देशोदेशींच्या बंदरांत भाड्याच्या घरांत काढलेल्या माणसाला ती म्हण प्रथम सुचावी, यात आश्चर्य नव्हते, सौ.ने मात्र त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि नजर वळवली. म्हण समजल्यावर ओतारीबुवा मांडीवर थाप मारून हसले. विंचू त्यांच्या ओळखीचा, बिऱ्हाड नवे. गाठोडे, वर तवा, बाजूला लोटी, असे मी कागदावर काढून दिले. त्यांनी विचारले, वजन किती हवे ? कारण वजन नसलेले वजन ते करीत नाहीत. मी पस्तीस ग्रॅम सांगितले. म्हणजे आपले सरासरी तीन तोळे.

आम्हाला थांबायला वेळ नव्हता. पाऊस असल्यामुळे साचे वाळत नव्हते. विंचू गणपतीत मेहुण्यांबरोबर आला. पाठीवर गाठोडे, गाठोड्यावर तवा. लोटी मात्र त्यांच्याकडच्या पाण्याच्या मडक्यासारखी झाली आहे. सोबत निरोप होता की, ताडून पाहा. जास्त भरले तर नांगी जरा कापून घ्या, चालते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर तो अडतीस ग्रॅम भरला. मी कानस शोधायला उठलो, तर सौ.ने विंचू उचलून देवघराच्या शेजारच्या फळीवर ठेवला. नांगी अजून शाबूत आहे.